ऋषिऋण आणि लखनौ

महाराष्ट्रातील घराघरांत सणावारी नैवेद्याचे ताट देवापुढे ठेवले जाते. त्याभोवती पाणी फिरविले जाते, क्षणभर डोळे मिटले जातात, आणि मग तेच ताट उचलून घरच्यांच्या पानांत वाढले जाते. देवाने त्यातील एक शीतही घेतलेले नसते. तरीही ठेवताना जे अन्न होते ते उचलताना प्रसाद झालेले असते, आणि प्रसाद एकट्याने खावयाचा नसतो, तो वाटावयाचा असतो, हे घरातले लहान मूलही जाणते. देवाचे देवाला परत करण्याची जी साधी रीत आपल्या पूर्वजांनी घालून दिली, तिचे सारे मर्म या वाटण्यात आहे.

अन्नाच्या बाबतीत हे सोपे आहे. पण गळ्यातील सूर, हातातील कसब, बुद्धीतील विद्या, या देणग्या परत कशा करावयाच्या? त्यांचे ताट कोणत्या देव्हाऱ्यापुढे ठेवावयाचे? आपल्या शास्त्रकारांनी मनुष्याच्या माथ्यावर तीन ऋणे सांगितली आहेत. देवऋण यज्ञाने फिटते, पितृऋण संततीने फिटते, आणि ऋषिऋण अध्ययन-अध्यापनाने फिटते. म्हणजे ज्ञानाच्या धनकोला ज्ञान परत करावयाचे ते पुढल्या पिढीच्या हाती देऊनच. मुसलमान गवयी आपल्या गाण्याला ईश्वराची अमानत म्हणतात, म्हणजे सांभाळावयास दिलेली ठेव. ख्रिस्ती धर्मग्रंथात धन्याने दिलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची कथा आहे, आणि तीत दोष पुरून ठेवणाराच्याच पदरी येतो. तीन परंपरा, परंतु प्रश्न एकच. ठेव कोणाची, ती किती दिवस जवळ ठेवावयाची, आणि देताना मन कसे असावे?

या प्रश्नाचे एक प्रत्यक्ष उत्तर उत्तर हिंदुस्थानात, लखनौ शहरी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले गेले. ते देणारे प्रमुख हात मराठी होते.

लखनौ आणि संगीत यांचा संबंध महाराष्ट्राला नव्याने सांगण्याचे कारण नाही. अवधचे अखेरचे नबाब वाजिद अली शाह १८४७ साली गादीवर आले. त्यांनी पुढल्या दोन-तीन वर्षांत कैसरबागेचा विस्तीर्ण प्रासादसमूह उभारला. तेथील परीखान्यात तरुण स्त्रियांना गायन व नृत्य यांचे शिक्षण दिले जाई. ठुमरी आणि कथक यांना या दरबारात जो बहर आला, त्याचा सुगंध अद्याप उडालेला नाही. परंतु १८५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी अवध खालसा केले. नबाब कलकत्त्याजवळील मटियाबुर्जला गेले, आणि अनेक कलावंत त्यांच्यामागोमाग गेले. १८८७ साली नबाब तेथेच निवर्तले. १८५७ साली अवधात जे उठावाचे वादळ झाले त्यात लखनौची घडी पार विस्कटली. ज्या विद्येला एके काळी राजवाडा होता, तिला आता घराण्यातील उस्तादांच्या कंठाखेरीज दुसरा निवारा उरला नाही.

या उस्तादांविषयी महाराष्ट्रात पुष्कळदा कठोर बोलले गेले आहे. ते विद्या लपवीत, शिष्याकडून वर्षानुवर्षे सेवा घेऊनही अस्ताई सांगत आणि अंतरा राखून ठेवीत, अशा गोष्टी आपण ऐकत आलो. त्या सर्वस्वी खोट्या नाहीत. पण त्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याला शेत नाही, वतन नाही, नोकरीची शाश्वती नाही, त्याची चीज हीच त्याची मिळकत. लखनौच्या तबलियांच्या घराण्यात सांगितले जाते की, उस्ताद बख्शू खाँ यांनी आपली कन्या हाजी विलायत अली यांना दिली तेव्हा हुंड्यात घराण्याच्या गती दिल्या. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ती ज्या समाजाने जपली त्याचे मन ती नेमके दाखविते. दागिना द्यावा तशी गत द्यावयाची. तीही जावयाला, म्हणजे घरच्या घरात. आश्रयदाते गेले, दरबार मोडले, आणि तिजोरीची कुलपे अधिकच घट्ट झाली. भीती अशी होती की कुलपे उघडण्यापूर्वीच किल्ली हाती असलेला माणूस जाईल आणि आतले धन त्याच्याबरोबर मातीत जाईल.

हे भय ज्यांना झोप येऊ देईना, त्यांत विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. घरची स्थिती बेताची होती. लहानपणी बासरीचा नाद लागला, पुढे सतार हाती आली. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८८५ साली बी. ए. झाले आणि १८८७ साली एल्‌एल्. बी. झाले. काही काळ कराचीस व नंतर मुंबईस त्यांनी वकिली केली. याच सुमारास पारशी मंडळींनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचा प्रवेश झाला. तेथे थोर गवयांची गाणी ऐकावयास मिळत, आणि त्यांच्याकडून शिकण्याचीही सोय होती. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदांचा मोठा संग्रह त्यांनी मिळविला. अली हुसेन व विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. दिवसा न्यायालय आणि सायंकाळी मंडळी, असा हा क्रम कित्येक वर्षे चालला.

पुढे संसारावर आघात झाले. १९०० साली पत्नी गेली, आणि १९०३ साली एकुलती कन्या गेली. पितृऋण फेडण्याची जी वाट सामान्य गृहस्थाला मोकळी असते ती त्यांच्यापुढे बंद झाली. असा मनुष्य देवाला दोष देत बसला असता तर कोणी नवल केले नसते. भातखंडे यांनी हळूहळू वकिली आवरती घेतली आणि उरलेले सारे आयुष्य दुसऱ्या ऋणाकडे वळविले. त्यांच्या मनात त्या दिवसांत काय चालले होते याचा तर्क करण्यापेक्षा त्यांची पावले कोणत्या दिशेने पडली ते पाहणे अधिक उचित होय.

ती पावले आगगाडीच्या मार्गाने पडली. १९०४ साली ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा करीत ते एट्टयपुरम येथे पोहोचले आणि वृद्ध सुब्बराम दीक्षितर यांना भेटले. मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या कुळात आलेल्या या पंडिताने त्याच वर्षी आपल्या घराण्याच्या कृती स्वरलिपीसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या होत्या. त्यामागे चिन्नस्वामी मुदलियार या धर्माने ख्रिस्ती असलेल्या गृहस्थाची प्रेरणा होती. कर्नाटक संगीत लिपिबद्ध करण्यापायी या मुदलियारांनी आपले द्रव्य तर घालविलेच, पण दृष्टीही घालविली. ज्या कुळाची विद्या त्याच कुळातील वृद्धाने ती आपण होऊन सर्वांपुढे ठेवावी, हे दृश्य भातखंडे यांनी डोळ्यांनी पाहिले. व्यंकटमखींच्या 'चतुर्दंडिप्रकाशिके'चा परिचयही त्यांना याच प्रवासात झाला, आणि बहात्तर मेळांच्या त्या व्यवस्थेतून पुढे उत्तरेच्या रागांची दहा थाटांत मांडणी करण्याची त्यांची कल्पना आकारास आली. यानंतर १९०७ साली पूर्वेकडे आणि १९०८ साली अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर अशी त्यांची परिक्रमा झाली. जेथे गवयी तेथे ते जात, प्रश्न विचारीत, ऐकत, आणि रात्री मुक्कामावर येऊन रोजनिशीत सारे टिपून ठेवीत.

मागणे हे देण्याहून कठीण असते, असे म्हणतात. भातखंडे पदवीधर होते, वकील होते, ग्रंथ वाचलेले होते. तरीही उस्तादांपुढे ते शिष्य होऊन बसले. रामपूरचे नबाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले, आणि त्या दरबारातील, तानसेनाच्या परंपरेचा वारसा सांगणारे बीनकार वजीर खाँ यांच्या विद्येपर्यंत ते पोहोचले. जयपूरचे महंमद अली खाँ हे मनरंगच्या परंपरेतील. त्यांच्याकडून आणि त्यांचे पुत्र आशिक अली व अहमद अली यांच्याकडून सुमारे ३०० ख्याल भातखंडे यांना मिळाले. ते नुकत्याच आलेल्या फोनोग्राफ यंत्रावर उतरवून घेतले गेले. महंमद अलींना ते गुरु मानीत.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. हे सारे दान प्रसन्न मनाने झाले काय? काही ठिकाणी झाले, यात शंका नाही. काही ठिकाणी राजाच्या शब्दाखातर झाले. नबाबाने सांगितले म्हणून पदरच्या गवयाने चीज दिली, तर त्या देण्यात स्वेच्छा किती आणि संकोच किती, हे कोणी मोजावे? उस्तादांच्या घराण्यांत नंतर कुरकूर झाली की, आमची विद्या नेली आणि छापली. अलीकडच्या अभ्यासकांनीही भातखंडे यांच्या लेखनातील उस्तादांविषयीच्या उतावीळ, कधी कधी तुच्छतेच्या शब्दांवर बोट ठेवले आहे. हे आक्षेप ऐकूनच पुढे गेले पाहिजे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना 'अशास्त्रीय' म्हणणे सोपे होते. पण ज्या शास्त्राची बांधणी चालली होती तिच्यातील प्रत्येक वीट याच मंडळींच्या कंठातून आली होती. प्रश्न फिरून तेथेच येतो. घेणाऱ्याने घेतलेल्याचे काय केले? त्याने ते स्वतःच्या तिजोरीत टाकले असते तर आक्षेप पूर्ण खरा ठरला असता.

भातखंडे यांनी जे केले ते असे. १९१० च्या सुमारास त्यांचा संस्कृत ग्रंथ 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' प्रसिद्ध झाला. त्यावर कर्त्याचे नाव 'चतुर पंडित' असे होते. त्याच सुमारास 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' या मराठी ग्रंथाचा पहिला भाग निघाला. गुरु व शिष्य यांच्या संवादरूपाने लिहिलेल्या या ग्रंथाचे चार भाग झाले. चौथा भाग १९३२ साली बाहेर पडला. या ग्रंथासाठी त्यांनी 'विष्णुशर्मा' हे नाव घेतले. प्रकाशक होते त्यांचे स्नेही भालचंद्र सीताराम सुकथनकर. स्वतः रचलेल्या गीतांतही 'चतुर' किंवा 'हररंग' अशी मुद्रा ते घालीत. ज्याने आयुष्याची कमाई ग्रंथात ओतली, त्याने आपले नाव मात्र त्या ग्रंथांच्या आड ठेवले. नैवेद्याच्या ताटावर कोणी आपले नाव कोरीत नाही, तसेच हे झाले.

यानंतर 'क्रमिक पुस्तकमालिका' आली. सहा भागांच्या या मालेत सुमारे १८०० बंदिशी सोप्या स्वरलिपीत छापल्या गेल्या. ज्या चिजेसाठी एके काळी बारा वर्षे उस्तादाचा हुक्का भरावा लागे, ती आता पुस्तकाच्या दुकानात मिळू लागली. कोणत्याही गावचा, कोणत्याही जातीचा मुलगा किंवा मुलगी ती घेऊ शकत होती. घराण्यातील गवयांना हे खटकले असेल तर ते स्वाभाविक होते. त्यांच्या मिळकतीची किंमत एका दिवसात उतरली होती. पण त्याच दिवशी त्यांच्या पूर्वजांच्या रचनांचे मरणही टळले होते.

तथापि पुस्तक गात नाही. कागदावरचा सूर कंठात आणावयास शिक्षक लागतो, आणि शिक्षकाला शाळा लागते. ग्वाल्हेरीस १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले त्यामागे भातखंडे यांची योजना होती. बडोद्यासही सयाजीराव महाराजांनी त्यांच्या सल्ल्याने संगीतशाळेची घडी नीट बसविली. याच महाराजांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि तेथे भातखंडे यांनी उत्तरेकडील संगीताच्या इतिहासावर आपला निबंध वाचला. १९१८ साली दिल्लीस व १९१९ साली काशीस परिषदा झाल्या. साऱ्या देशासाठी एक संगीत अकादमी दिल्लीत निघावी अशी उमेद होती, ती सिद्धीस गेली नाही. चौथी आणि पाचवी परिषद लखनौस भरली, १९२४ आणि १९२५ च्या अखेरीस. दिल्लीने जे दिले नाही ते लखनौने दिले.

यात लखनौकरांचा वाटा मोठा होता, आणि तो मराठी माणसाने विसरता कामा नये. दरियाबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी हे काम आपले मानले. अकबरपूरचे तालुकदार राजा नवाब अली हे भातखंडे यांचे जुने स्नेही. भातखंडे यांची पद्धती त्यांनी 'मआरिफ-उन-नग्मात' या ग्रंथाने उर्दू वाचकांपर्यंत नेली होती. कायस्थ, ब्राह्मण, सय्यद, तालुकदार, वकील, असे सारे एका सतरंजीवर बसले. १९२६ च्या जुलैत वर्ग सुरू झाले, आणि १६ सप्टेंबर १९२६ रोजी प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते विधिपूर्वक उद्‌घाटन झाले. संस्थेला नाव पडले ते त्या गव्हर्नरांचे, मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक. ज्याने कल्पना दिली, ग्रंथ दिले, अभ्यासक्रम आखला, त्याचे नाव दारावर नव्हते. सरकारी साहाय्यावाचून संस्था जगणे कठीण होते, आणि नाव दुसऱ्याचे असले म्हणून शिक्षणात उणे पडत नव्हते.

अध्यापकवर्गाकडे पाहिले तर आधीच्या आक्षेपाला थोडे उत्तर मिळते. तबला शिकविण्यास लखनौ घराण्याचे खलीफा आबिद हुसेन खाँ आले. सरोदासाठी शाहजहाँपूरच्या परंपरेतील सखावत हुसेन खाँ आले. जी विद्या हुंड्यात घराबाहेर पडे, ती आता वर्गाच्या फळ्यासमोर, ज्याने शुल्क भरले त्याला मिळू लागली. खलीफाने, म्हणजे घराण्याच्या मुख्य पुरुषाने, परक्याच्या मुलाला बोल सांगावा, ही त्या काळी लहान घटना नव्हती. येथे कोणा नबाबाचा हुकूम नव्हता. पगार होता हे खरे, पण पगारासाठी मनुष्य जितके देतो त्याहून या मंडळींनी अधिक दिले. त्यांच्या शिष्यांची परंपरा त्याची साक्ष देते. पुढे ही संस्था कैसरबागेत, वाजिद अली शाह यांच्या परीखान्याच्या वास्तूत नांदू लागली. जेथे एका राजासाठी गाणे शिकविले जाई तेथे कोणाही विद्यार्थ्यासाठी शिकविले जाऊ लागले. दगड तेच होते. मालक बदलला होता, किंबहुना मालक असा कोणी उरलाच नव्हता.

येथवरची कथा भातखंडे यांची. पण परत देण्याची खरी कसोटी लागली ती त्यांच्या शिष्याच्या आयुष्यात. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस मुंबईत झाला. बालवयातच सूर पक्का. कृष्णभट होन्नावर आणि अनंत मनोहर जोशी यांच्याकडे आरंभीचे शिक्षण झाले. मग भातखंडे यांचे मार्गदर्शन लाभले, आणि बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ यांची तालीम मिळाली. एका बाजूस शास्त्राचा महापंडित आणि दुसऱ्या बाजूस मैफलीचा बादशहा, असे दोन गुरु किती जणांना लाभतात? त्यांनी मैफलीचा मार्ग धरला असता तर मानमरातब आणि बिदागी यांची वाण पडली नसती. १९२६ साली ते बी. ए. झाले, लखनौस आले, आणि १९२८ पासून त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढली जवळजवळ तीन दशके त्यांनी तेथेच काढली.

भातखंडे यांनी दुसऱ्यांकडून मिळविलेले परत केले. रातंजनकरांना स्वतःचा गळा परत करावयाचा होता. सकाळपासून सायंकाळपर्यंत वर्गामागून वर्ग घेणाऱ्याचा आवाज मैफलीसाठी कितीसा उरणार? नवशिक्यांच्या कच्च्या सुरात आपला सूर मिळवून त्यांना वर ओढावे लागते, आणि त्यात शिकविणाऱ्याचा कंठ झिजतो, हे प्रत्येक गायनशिक्षकाला ठाऊक आहे. संस्थेची आर्थिक स्थिती बेताची, मुलूख परका, घरापासून शेकडो कोसांचे अंतर. तरीही 'सुजान' या मुद्रेने त्यांनी बंदिशींमागून बंदिशी रचल्या, लक्षणगीते केली, आणि दक्षिणेतील वर्णमाचा प्रकारही हिंदुस्थानी संगीतात आणला. स्वतंत्र भारतात नभोवाणीच्या गायक-वादकांची पारख करण्याचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा मोठमोठ्या कलावंतांचा रोषही त्यांनी पत्करला. तो सारा रोष अन्याय्य होता असे म्हणवत नाही. थोर उस्तादांना शास्त्राचे प्रश्न विचारून तोलणे योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद झाले आणि ते राहिले. निष्ठावंत मनुष्याच्या निष्ठेलाही धार असते, आणि ती कधी कधी दुसऱ्याला लागते.

त्यांच्या हाताखाली जे तयार झाले त्यांची नावे आठवली म्हणजे या देण्याचे माप कळते. बंगलोरकडचे चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर, दिनकर कैकिणी, एस. सी. आर. भट, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग, आणि पुढे चित्रपटसंगीतात नाव काढणारे रोशन. महाराष्ट्र, कर्नाटक, बंगाल, पंजाब, साऱ्या दिशांनी मुले आली आणि आपापल्या दिशांना विद्या घेऊन गेली. यांतील एकाची कथा विशेष सांगण्यासारखी आहे. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगल येथे १९२५ साली जन्मलेला कृष्ण गिंडे हा मुलगा १९३६ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, लखनौस आला. तो रातंजनकरांच्या घरीच राहिला, मुलासारखा वाढला, आणि पुढे त्याच संस्थेत शिकवू लागला. के. जी. गिंडे या नावाने तो पुढे देशभर ओळखला गेला. त्यांचे कंठस्थ भांडार इतके विस्तीर्ण होते की विद्वान गवयीही अडलेली बंदिश त्यांना विचारावयास येत. उतारवयात त्यांनी भातखंडे यांच्या संग्रहातील बंदिशी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. जे कंठातून कागदावर गेले होते ते कागदावरून पुन्हा कंठात आले. १९९४ साली ते गेले तेव्हा त्यांच्याबरोबर काही बुडाले नाही, कारण जवळ राखून ठेवलेले असे त्यांच्यापाशी फारसे उरलेच नव्हते.

या साऱ्यावर एक आक्षेप पहिल्यापासून घेतला जातो, आणि तो न्याय्य आहे. महाविद्यालयात पदवीधर निघाले, गवयी किती निघाले? स्वरलिपीत राग बांधला की त्याचा श्वास कोंडतो. दहा थाटांच्या पेटाऱ्यांत सारे राग नीट बसत नाहीत. घराण्यात गुरूच्या पायाशी बसून जे डोळ्यांनी आणि कानांनी टिपले जाते ते तासांच्या वेळापत्रकात कोठून यावे? हे सर्व खरे आहे. प्रत्येक देणगी जशीच्या तशी परत करता येत नाही. नैवेद्याची वाफ ताटाबरोबर वाटता येत नाही. पण वाफ उडते म्हणून कोणी ताट झाकून ठेवीत नाही. शिवाय मैफलीचा गवयी निर्माण करणे हा एकच हेतू त्या संस्थेपुढे नव्हता. ऐकणारा निर्माण करणे, शिकविणारा निर्माण करणे, कुलीन घरातील मुलीला गाणे शिकण्याची मोकळीक मिळवून देणे, ही कामेही तितकीच मोठी होती. गिंडे यांच्यासारख्यांचे उदाहरण असेही दाखविते की, पुस्तक, वर्ग आणि गुरुगृह यांची गाठ जेथे पडली तेथे दोन्ही परंपरांचे गुण उतरले.

भातखंडे वेळोवेळी मुंबईहून लखनौस जात, वर्ग पाहत, परीक्षा घेत. १९३३ साली ते अंथरुणाला खिळले. तीन वर्षे देहाने साथ दिली नाही. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, त्यांचा अंत झाला. अष्टमीला आलेला पाहुणा चतुर्थीला गेला. क्रमिक मालेचे शेवटचे दोन भाग त्यानंतर प्रसिद्ध झाले. म्हणजे हातातले ताट पूर्ण रिकामे होण्याचे काम मृत्यूनंतरही चालू राहिले. रातंजनकर १९५७ च्या सुमारास लखनौ सोडून खैरागडच्या संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १९७४ साली ते निवर्तले. लखनौची संस्था १९६६ साली उत्तर प्रदेश सरकारने आपल्याकडे घेतली, आणि तेव्हा कोठे दारावर भातखंडे यांचे नाव लागले. स्थापनेला चाळीस वर्षे झाली होती आणि संस्थापकाला जाऊन तीस. २००० साली तिला अभिमत विश्वविद्यालयाचा दर्जा मिळाला, आणि २०२२ पासून ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते.

आरंभीचा प्रश्न असा होता की, देवाची देणगी देवाला परत करताना मन कसे असावे. लखनौची ही कथा त्याला एकच उत्तर देत नाही. कोणी गरजेपोटी दिले, कोणी राजाज्ञेने दिले, कोणी आधी कचरले आणि मग मोकळ्या हाताने दिले. एकाने घरातील दोन चिता विझल्यावर उरलेले सारे आयुष्य दिले. एकाने ऐन उमेदीत आपला गळा दिला. प्रसन्न मन हे दानाच्या क्षणी तयार सापडतेच असे नाही. पुष्कळदा ते देता देता तयार होते. ज्या खलीफाच्या पूर्वजांनी गती हुंड्यात मोजून दिल्या, त्याच खलीफाने त्या वर्गात मोकळ्या केल्या, हा बदल कोणत्याही उपदेशाने घडला नसता. तो शिकविण्याच्या नित्यक्रमातून घडला.

कैसरबागेतील त्या वास्तूत बंदिशीची पहिली ओळ शिकणारा मुलगा मनरंग कोण, महंमद अली कोण, चतुर कोण आणि सुजान कोण, हे पुष्कळदा जाणत नाही. त्याला ती ओळ तेवढी मिळते. प्रसाद हातावर घेणाऱ्यानेही तो कोणी शिजविला हे विचारलेले नसते. पण तो हात पुढे करतो तेव्हा उजवाच करतो, आणि पडलेला कण उचलून घेतो. ऋषिऋण त्या क्षणी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, आणि ते फेडण्याची पाळी आता त्याची असते.